ब्याऐंशी मार्कांनंतरची लेव्हल

नव्वदचं दशक तेव्हा निम्म्यावर आलं होतं. नेरूळच्या एका डिप्लोमा कॉलेजात मी सिव्हिलच्या मुलांना सर्व्हे शिकवायचे. सर्व्हे म्हणजे जमिनीची मोजणी. त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे लेव्हलिंग. तीन पायांच्या स्टँडवर दुर्बीण बसवायची, समोर कुणीतरी आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उभं राहायचं, आणि दुर्बिणीतून त्या पट्टीवरचा आकडा वाचून कुठली जमीन उंच आणि कुठली सखल ते ठरवायचं. त्या दुर्बिणीलाच आम्ही लेव्हल म्हणतो. दिसायला सोपं काम आहे. मलाही ते शिकवायला सोपं वाटायचं, आणि तिथेच माझी फसगत झाली.

मी चोवीस-पंचवीस वर्षांची होते. माझ्या स्वतःच्या डिप्लोमाच्या वह्या मी जपून ठेवल्या होत्या. त्यांतलं एक एक पान वर्गात उतरवून द्यायचं, फळ्यावर सुबक आकृती काढायची, आणि महिन्यातून दोनदा मुलांना कॉलेजच्या आवारात नेऊन एकच एक कंपाउंडची भिंत मोजून घ्यायची, हा माझा अभ्यासक्रम. चोवीस मुलं आणि एक लेव्हल. पुढे घुसणारे तिघे-चौघे यंत्र हाताळायचे, एकजण आकडे लिहायचा आणि बाकीचे वडाच्या सावलीत बसून नंतर ते आकडे जर्नलमध्ये उतरवून घ्यायचे. बोर्डाच्या परीक्षेत माझ्या विषयात सगळे पास झाले. स्टाफरूममध्ये मी पेढे वाटले.

त्या पहिल्या बॅचमध्ये दोनच मुली होत्या. त्यांतली एक कोपरखैरण्याहून यायची. तिचे वडील मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात पोती उचलायचे. मुलीचं अक्षर इतकं देखणं की बघत राहावं. त्यामुळे आवारात मोजणी चालली की आकडे लिहायला तीच बसायची. सगळ्या वर्गाची जर्नलं तिच्या वहीवरून उतरलेली असत. तिला माझ्या विषयात ब्याऐंशी मार्क मिळाले, आणि लगेच घणसोलीकडे एका इमारतीच्या साइटवर नोकरीही लागली.

पाच-सहा महिन्यांनी एका दुपारी ती मला वाशीच्या बसस्टॉपवर भेटली. मला बघून धावत आली, भर रस्त्यात वाकून नमस्कार केला. नको नको म्हणत असताना मला उसाच्या रसाच्या गाडीवर घेऊन गेली. रस हातात आल्यावर मात्र ती ग्लास नुसताच फिरवत राहिली.

"मॅडम, एक विचारू? रागावणार न्हाई ना?"

"विचार की."

"ती लेव्हल मांडायची कशी ओ?"

मला वाटलं, थट्टा करतेय. पण तिचे डोळे ग्लासात होते.

मग तिने सगळं सांगितलं. साइटवर पहिल्याच आठवड्यात इंजिनियर साहेबांनी तिला लेव्हल लावायला सांगितली. तिने पेटी उघडली, यंत्र स्टँडवर चढवलं, पण यंत्र सपाट बसलंय हे दाखवणारा त्यातला बुडबुडा काही केल्या मधोमध येईना. एकीकडून आणला की दुसरीकडे पळायचा. गवंडी, बिगारी सगळे काम थांबवून बघत उभे. शेवटी साहेबांनी स्वतः लेव्हल लावली. दुसऱ्या दिवसापासून तिची बसायची जागा साइट ऑफिसात. आत बसून ती सिमेंटच्या गोण्यांचं रजिस्टर लिहीत होती.

"चूक माझीच हाय मॅडम," ती म्हणाली. "तुमी शिकवलंच होतं की. पण मी कुठं कधी हात लावला? अक्षर चांगलं म्हणून सगळे मलाच लिहायला बसवायचे."

त्या 'सगळे'मध्ये मी होते. तिला वही घेऊन सावलीत बस असं दर वेळी मीच सांगत आले होते. तिने ते बोलून दाखवलं नाही. रसाचे पैसेसुद्धा मला देऊ दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या विभागप्रमुखांकडे गेले. सर निवृत्तीला आले होते. शिकवायला येण्याआधी वीसेक वर्षं त्यांनी कालव्यांच्या कामावर काढली होती. कडक इस्त्रीची पँट आणि खाली कॅनव्हासचे बूट असा त्यांचा कायमचा अवतार. मी त्यांना बसस्टॉपवरची हकीकत सांगितली. सरांनी हातातलं टाइमटेबल बाजूला ठेवलं.

"अहो बाई, पोर्शन कुठवर आला ते मला रोज सगळे सांगतात. काय शिकवून झालं नाही, हे सांगायला आज पहिल्यांदा कुणीतरी आलंय. बसा."

त्यांनी तेच टाइमटेबल उलटं करून कोरी बाजू माझ्यापुढे सरकवली.

"पाच वर्षं पुढे जा. तुमच्या हाताखालून गेलेलं पोर साइटवर उभं आहे. जवळ वही नाही, तुम्ही नाही. त्याला काय यायला हवं? लिहा."

मी तिथेच बसून पान भरून काढलं. सरांनी ते वाचलं आणि परत दिलं. "ही पुस्तकाची अनुक्रमणिका झाली. यात पोर कुठे आहे?"

मला रागच आला. घरी जाऊन नवं पान केलं, ते त्यांनी तसंच परत दिलं. तिसऱ्या खेपेला मी सगळं पाठ असलेलं विसरून नुसतं त्या मुलीला डोळ्यांसमोर आणलं, बिगारी बघताहेत आणि ही बुडबुड्याशी झुंजतेय. मग फार थोडं लिहावंसं वाटलं. यंत्र एकटीने मांडता यावं. आकडे बघून जमीन दिसावी. आपली चूक दुसऱ्याने दाखवायच्या आत आपल्याला सापडावी. सरांनी या वेळी पेन्सिल घेतली आणि खाली आपल्या अक्षरात भर घातली, 'तिथल्या माणसांना विचारता यावं.' कालव्यावर असताना पाणी कुठून फुटतं ते त्यांना शेतकऱ्यांनी शिकवलं होतं, असं ते म्हणाले.

"आता परीक्षा कशी घ्याल ते ठरवा. शिकवायचं काय, ते सगळ्यात शेवटी."

"पण सर, परीक्षा तर बोर्डाची असते."

"बोर्डाची बोर्ड घेईल. तुमची तुम्ही घ्या."

त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सगळा विषय उलटीकडून बांधायला घेतला. आधी शेवट ठरवला: प्रत्येकाने माझ्यासमोर एकट्याने लेव्हल मांडायची, आणि एक खरी जागा मोजून तिचा नकाशा तिथल्या माणसांना समजावून सांगायचा. मग मागे मागे येत, त्यासाठी कुठल्या आठवड्यात काय जमलं पाहिजे ते लिहीत गेले. माझ्या लाडक्या वह्यांतली निम्मी पानं त्यात बसेनात. ती बाजूला ठेवताना जिवावर आलं.

अडलं ते खऱ्या जागेपाशी. ती दिली आमच्या स्टोअरच्या मामांनी. मामा करावे गावचे. यंत्रं पुसून ठेवायची, मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची हे त्यांचं काम. माझा कागद बघून ते म्हणाले, "मॅडम, ही एकच भिंत किती वेला मोजाची? ती काय वाढते काय? आमच्या गावान चला. मोठ्या भरतीला पानी आमच्या आलीन, घरान शिरतं. कुठून शिरतं, ते आजवर कुनी मोजलं नाय."

नव्या वर्षाचा पहिला तास मी काहीच न शिकवता घेतला. दुसरी एक जुनी लेव्हल मामांनी दुरुस्त करून आणली होती. दोन्ही पेट्या वर्गात ठेवल्या आणि सांगितलं, "उघडा आणि मांडा." तासभर नुसता गोंधळ. उरणहून येणारा एक उंच मुलगा वैतागून म्हणाला, "मॅडम, आधी थिअरी तरी सांगा ना, उगाच टेन्शन!" शेजारच्या वर्गावरच्या सहकाऱ्यांनी दारातून डोकावून विचारलं, "तास आहे की जत्रा?" मी हसून दार लोटून घेतलं. तास संपता संपता एका कोपऱ्यातून ओरडा झाला. कुणाचा तरी बुडबुडा मधे आला होता. कसा आला ते त्यांना सांगता येईना. मग मी खडू हातात घेतला. इतकं कान देऊन त्या वर्गाने मला आधी कधी ऐकलं नव्हतं.

कोपरखैरण्याच्या त्या मुलीला मी निरोप पाठवला: आम्ही रविवारी करावेला मोजणीला जातोय, येशील का? ती आली ती डबा घेऊनच. भाकरी, झुणका आणि ठेचा, आईने दहाजणांना पुरेल एवढा दिलेला. मुलं लगेच तिला ताई म्हणायला लागली. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत मी तिला एकदा लेव्हल मांडून दाखवली, मग यंत्र तिच्या हाती दिलं आणि मुलांना घेऊन मुद्दाम लांब गेले. परत आले तर ती स्टँडचे पाय पुन्हा सोडून पहिल्यापासून मांडत होती.

"जमत नाही का?"

"जमलं की. चार वेळा जमलं. पाचव्यांदा बघते, मगाशी नशिबानं तर जमलं नसंल?"

आळीतल्या बायका ओट्यावर बसून आमची मजा बघत होत्या. मी मुलांना त्यांच्याकडे विचारायला पाठवलं. खाडी समोर, म्हणून मुलांनी धरूनच ठेवलं होतं की पाणी समोरून येतं. जाळं विणत बसलेली एक म्हातारी खो खो हसली. "आरं पोरांनो, समोर काय बगता? पानी मागनं येतं!" तिने घरात नेऊन भिंतीवरचा मिठाचा पांढरा डाग दाखवला. मुलांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन एकमेकांना सांगितलं, म्हातारीचं काहीतरीच. मलाही खात्री नव्हती.

तीन रविवार मोजणी चालली. रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यापासून निघायचं, सगळी आळी मोजत खाडीपर्यंत जायचं आणि दुसऱ्या बाजूने मोजत पुन्हा त्याच कठड्यावर यायचं. निघालो तिथेच परत आलो, तर उंचीही तीच यायला हवी. ती येईना. आकड्यांप्रमाणे मोरीचा कठडा तीन आठवड्यांत वीतभर खाली गेला होता.

पुढच्या तासाला मुलांनी मला हिशेब जुळलेली वही दाखवली. पान इतकं स्वच्छ होतं, की मी बघताक्षणी ओळखलं. एकही खाडाखोड नाही, खाडीच्या चिखलाचा एक ठिपका नाही. घरी बसून आकडे जुळवून लिहिलेलं पान होतं ते. संताप आला, आणि पाठोपाठ आठवलं की गेल्या वर्षी अशाच पानांवर मी 'उत्तम' असा शेरा मारला होता. मी ती वही मिटली आणि सांगितलं, "या वर्गात चुकल्याबद्दल कुणाचे मार्क जाणार नाहीत. पण चूक कुठे आहे ते जो शोधेल, त्याला मार्क मिळतील."

बोलायला हे छान होतं. पण पुढच्याच रविवारी मी स्वतःच ते विसरले. परतीच्या वाटेवरचे आकडे उरणच्या त्या उंच मुलाने वाचले होते आणि गडबड त्याच टप्प्यात दिसत होती. मी त्याला सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. "नीट बघ. पुन्हा बघ. लक्ष कुठे आहे तुझं?" त्याचे कान लाल झाले. त्यानंतर आठवडाभर तो कॉलेजला आलाच नाही.

चूक सापडली ती ताईला. आमची पट्टी तीन भागांची होती, एकात एक सरकणारी. वरचा भाग ओढून उभा केला की पितळी खटका बसतो. त्यानंतरच्या रविवारी पट्टी तिच्या हातात होती. मी दुर्बिणीला डोळा लावला, तेवढ्यात ती ओरडली, "मॅडम, थांबा! आवाज आला न्हाई."

"कसला आवाज?"

"खटक्याचा. मगाशी कटकन वाजला होता. आत्ता वाजला न्हाई."

आम्ही पट्टी आडवी केली. खटका झिजला होता. कधी बसायचा, कधी नाही. न बसला की वरचा भाग चार बोटं खाली घसरायचा आणि आम्ही तोच आकडा खरा मानून लिहून घ्यायचो. मामा डोक्याला हात लावून खाली बसले. तो खटका तपासणं ही माझी जबाबदारी होती, मामांची नव्हे. आणि माझ्या वहीत 'पट्टीची तपासणी' या नावाचं एक अख्खं पान होतं, मी दोन वर्षं उतरवून दिलेलं.

सोमवारी मामांकडून निरोप पाठवून मी उरणच्या मुलाला बोलावून घेतलं. वर्गासमोरच म्हणाले, "आकडे तू बरोबर वाचले होतेस. दोष पट्टीत होता. तो तुझ्या माथी मारला, ही माझी चूक. मला माफ कर."

तो जागेवर चुळबुळत उभा राहिला. मग म्हणाला, "मॅडम, म्हणजे आता सगळं परत मोजायचं?"

"हो."

"आयला," तो म्हणाला आणि जीभ चावली. सगळा वर्ग हसला, मीही. रविवारी तो सगळ्यांच्या आधी देवळापाशी हजर होता. प्रत्येक वेळी पट्टी उभी झाली की तो लांबून हाळी द्यायचा, "वाजला का?"

या खेपेला हिशेब बोटभरसुद्धा चुकला नाही. आणि नकाशा काढला तर म्हातारी बरोबर होती. समोरचा खाडीकाठ आळीपेक्षा उंच होता. सखल जागा मागे होती, जुन्या मिठागराच्या नाल्यापाशी. तिथला बांध एके ठिकाणी खचला होता, आणि भरतीचं पाणी वळसा घालून मागून यायचं. मुलांनी तो नकाशा मोठ्या कागदावर काढून देवळाच्या ओसरीत लावला. समजावून सांगायची पाळी उरणच्या मुलाची होती. म्हातारीने त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं आणि मग म्हणाली, "मंग मी काय सांगत व्हते?"

"आजी, तुम्ही सांगितलं ते आम्ही मोजून बघितलं," तो म्हणाला.

"बरा केलास. आता तरी आमचे पुरुष ऐकतील."

पुरुषांनी ऐकलं. दोन रविवार सगळ्या आळीने खपून तो बांध दगडमातीने भरला. आमची पोरंही घमेली वाहायला गेली, ते काही माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं. त्यानंतरच्या मोठ्या भरतीला मी मुद्दाम बघायला गेले. पाणी आलं, पण ओट्याच्या पहिल्या पायरीवर थांबलं. सगळ्यांच्याच घराबाहेर थांबलं असंही नाही. टोकाच्या दोन घरांत गेलंच.

बोर्डाच्या निकालात माझ्या विषयात त्या वर्षी तिघे नापास झाले. स्टाफरूममध्ये पेढे नव्हते. मी सरांना म्हटलं, "माझं चुकलं का?" ते तिघे पेपरात कुठे अडले असतील ते सरांनी मला विचारलं. हिशेबात, मी म्हणाले. मग म्हणाले, "करावेच्या नादात तुम्ही हिशेबाचा सराव फार कापलात. पुढच्या वर्षी थोडा परत घ्या. पण या तिघांना लेव्हल लावता येते का?"

"येते."

"मग ऑक्टोबरात होतील पास."

दोघे झाले. तिसऱ्याला आणखी एक वर्ष लागलं. निकाल लागला त्याच उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात त्यांनी दोन मिनिटांत भाषण आटोपलं, आणि जाताना मला म्हणाले, "बाई, हा कागद दर वर्षी नव्याने लिहा. एकदा चांगला झाला म्हणून जपून ठेवू नका." मी लिहीत राहिले. कधी करावेचा रविवार कमी झाला, कधी हिशेबाचे तास वाढले.

ताईचं रजिस्टर मात्र सुटलं. एके दिवशी साइटवर साहेब आले नव्हते आणि स्लॅबचं काम अडलं होतं. हिने पेटी उघडली आणि लेव्हल लावली. पुढे कंपनीने तिला उरणकडे एका मोठ्या गोदामाच्या कामावर पाठवलं. तिथून तिचा निरोप आला, "मॅडम, ह्या वर्षीची पोरं घेऊन या. खरी साइट दाखवते."

आम्ही बसने गेलो. ती डोक्यावर पिवळं हेल्मेट, सलवार-कुर्त्यावर पुरुषी शर्ट आणि पायात गमबूट घालून उभी होती. मला बघून पुन्हा वाकली, तशी तिची माणसं चकित होऊन बघायला लागली. मग ती मुलांकडे वळली. एका गोड चेहऱ्याच्या मुलीने पुढे होऊन वही-पेन काढलं होतं.

"वही ठेव पिशवीत," ताईने सांगितलं. "अक्षर कसं हाय ते नंतर बघू. आधी हिकडं ये आणि हे स्टँड उचल."

ती मुलगी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी शेडच्या सावलीत एका उलट्या घमेल्यावर बसले होते. मी हातानेच तिला म्हटलं, जा.